न विचारणारं घर

भागीरथाबाईकडे मी पहिल्यांदा गेले ती भांडायला. नागपुरात सदरला माझा टायपिंगचा क्लास होता आणि मागच्या गल्लीत तिचं घर. घर कसलं, एका मिरचीच्या व्यापाऱ्याचं जुनं गोदाम. भिवापूरहून मिरचीची पोती यायची, पंधरा-वीस बाया फरशीवर गोल करून बसायच्या आणि देठं तोडायच्या. वारा आमच्या बाजूला वळला की माझा अख्खा क्लास खोकत सुटायचा. एका हातानं नाक दाबून दुसऱ्या हातानं टायपिंग शिकलेली पोरं पुढे ऑफिसात काय दिवे लावणार? एक दिवस माझं डोकं सणकलं. मी पदर खोचला आणि निघाले.

गोदामाच्या दारापर्यंत पोचेतो मिरचीच्या त्या उडत्या खकाण्यानं माझे डोळे लालभडक झाले होते, नाकातोंडातून पाणी वाहत होतं, आणि पदराचं टोक तोंडाशी धरलेलं. दारात एक उंच, काटकुळी, काळीसावळी बाई उभी होती. मी तोंड उघडायच्या आत तिनं माझ्या दंडाला धरून आत घेतलं, पाट सरकवला आणि एका पोरीला म्हणाली, "पाणी काढ वं न्हाणीत. अन् भाकर टाक." मला म्हणाली, "बस. इथं तुले कोणी काई इचारणार नाई."

माझ्या नवऱ्यानं मला मारून हाकलून दिलंय अशी तिची पक्की समजूत झाली होती. मी सांगत होते, अहो बाई, मी क्लासवाली, मी तक्रार करायला आलेय. ती मान हलवत होती आणि ऐकत काहीच नव्हती. रडत येणाऱ्या बाया पहिल्या तासात काहीही सांगतात, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं. भाकर आणि आंबाडीची भाजी खाल्ल्याशिवाय तिनं मला उठू दिलं नाही. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो बिचारा आठवडाभर त्या गल्लीतून गेला नाही.

तर अशी आमची ओळख. पुढे बारा-पंधरा वर्षं ती मला "मास्तरीनबाई" म्हणत राहिली आणि मी तिची अर्ज-पत्रं फुकटात टाइप करत राहिले.

भागीरथाबाई मूळची भिवापूरकडची. छप्पन साली तिच्या घरच्यांनी दीक्षा घेतली तेव्हा ती दीक्षाभूमीवर होती, एवढं ती अभिमानानं सांगायची. त्याच्या आधीचं आणि नंतरचं काही सांगायची नाही. उजव्या कानाची पाळी मधोमध फाटलेली होती. कानातलं ओढल्याशिवाय पाळी अशी फाटत नाही, हे कोणत्याही बाईला कळतं. पण ते कोणी ओढलं, कधी, कशासाठी, मला आजही ठाऊक नाही. तिनं सांगितलं नाही आणि तिच्या घरात विचारायची पद्धत नव्हती.

ही पद्धत म्हणजेच ते घर. व्यापाऱ्याकडून देठं तोडायचं काम तिनं ठेक्यानं घेतलं होतं. एकदा मारहाण झालेली एक बाई गोदामात घुसली आणि मिरचीच्या पोत्यांमागे लपली. हिनं तिला ठेवून घेतलं. मग दुसरी आली, मग तिसरी. कोणी जळालेली, कोणाच्या अंगावर हात टाकलेला, कोणाला दीरानं, कोणाला मालकानं, कोणाला आणखी कोणी. आली की आधी गरम पाणी, मग जेवण, आणि मग मिरचीच्या ढिगाशी बसायचं. कोणी विचारणार नाही, कुठून आलीस, काय झालं. मिरचीच्या ढिगाशी सगळ्यांचेच डोळे वाहत असतात. त्यातली रडणारी कोण आणि ठसका लागलेली कोण, हे ओळखू येत नाही. नवी आलेली बाई तिथं दोन-दोन दिवस मनसोक्त रडायची आणि कोणी मान वर करून पाहायचं नाही. हे भागीरथाबाईनं मुद्दाम केलं होतं की आपोआप झालं, हे मी एकदा तिला विचारलं. ती म्हणाली, "मिरची तोडाले बाया पायजे होत्या. बाकी तू जे समजून राहिली ते समज."

"बिचारी" हा शब्द तिला खपत नसे. एकदा सिव्हिल लाइन्समधल्या काही बाया जुने कपडे वाटायला आल्या आणि त्यातल्या एकीनं दारातच सुरू केलं, बिचाऱ्या बाई, किती सोसलंय यांनी. भागीरथाबाईनं तिच्यापुढे मिरचीनं भरलेलं सूप ठेवलं. "ते बिचारी दिवसाले पोतं तोडते. तू एवढं सूपभर तोडून दाखव, मंग म्हण." त्या बाया पुढे बरीच वर्षं फिरकल्या नाहीत. कपडे मात्र तिनं ठेवून घेतले.

मंदा माझ्या क्लासमधली. एकोणीस वर्षांची, बोटं अशी चालायची की मशीनला घाम फुटावा. बहिणीकडे राहायची. एक दिवस क्लासला आली ती दारातच बसून राहिली. तिच्यासोबत जे झालं ते मी इथं लिहिणार नाही, तेवढी सवय भागीरथाबाईनं मला लावली आहे. मी तिला हाताला धरून मागच्या गल्लीत नेलं आणि भागीरथाबाईला सांगायला लागले. तिनं मला गप्प केलं.

"तुले इचारलं का मी? पोरगी किती वेळची उपाशी असन, ते सांग."

ते मलाही माहीत नव्हतं. मंदानं त्या दिवशी तीन घंगाळी पाणी अंगावर घेतलं. भागीरथाबाई न्हाणीबाहेर चुलीत लाकडं सारत बसली होती. संध्याकाळी मंदा मिरचीशी बसली. महिन्याभरानं ती हसायला लागली, आणि मी तिला पुन्हा क्लासला नेलं. ती भागीरथाबाईला माय म्हणायची. अशा बऱ्याच जणी म्हणायच्या, पण मंदा म्हणाली की भागीरथाबाईच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते इतर वेळी दिसायचं नाही.

मग व्यापाऱ्याच्या मुलांनी गोदाम विकायला काढलं. सदरच्या जागेला सोन्याचा भाव आला होता. पंचवीसेक बाया, त्यातल्या कितीकांना नागपुरात दुसरं छप्पर नाही. भागीरथाबाईला जन्मात पहिल्यांदा मी घाबरलेलं पाहिलं. तेव्हा आमच्याच गल्लीतल्या एका वकीलसाहेबांनी सुचवलं की अशा घरांना सरकार अनुदान देतं. जागेची किंमत, जेवणखाण, औषध, सगळं निघेल. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, त्याला शिव्या देऊन मोकळी झाले असते.

"सरकार देईन," भागीरथाबाई म्हणाली. "अन् घेईन काय?"

वकीलसाहेब हसले. सरकार घेत नाही बाई, देतं, म्हणाले.

अनुदानाला नोंदलेली संस्था लागते. संस्थेला कमिटी लागते. वकीलसाहेब अध्यक्ष झाले, एक निवृत्त मुख्याध्यापक आले, दोन दुकानदार आले, सिव्हिल लाइन्सची ती सूप पाहून पळालेली बाईही आली. भागीरथाबाईला त्यांनी "सदस्य" केलं आणि कागदावर तिचा अंगठा घेतला. तिला सही येत होती, पण कोणी विचारलंच नाही. पुढे नाव लागतं, नावाची पाटी लागते. "अत्याचारपीडित महिला आधार केंद्र", निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत, वीतभर मोठी. पाटी ठोकताना भागीरथाबाई मधे पडली. म्हणाली, या दारातून बाजारात जाणारी पोरगी आता कपाळावर हे लिहून जाईल. कोण तिला काम देईल? कोण दारात उभं करेल? वकीलसाहेब म्हणाले, नियम आहे. नियम आहे म्हटल्यावर आपल्याकडे देवसुद्धा गप्प बसतो.

पहिल्या वर्षी तपासणीला सरकारी साहेब आले. त्यांना खात्री करून घ्यायची होती की या बाया खरोखरच पीडित आहेत, नुसत्या मिरचीच्या मजूर नाहीत. कारखान्यालाच आधार केंद्र म्हणून दाखवून अनुदान लाटणारे लोक असतात, हेही खोटं नव्हतं. साहेब म्हणाले, एकेक बाई समोर येऊ द्या, काय गुन्हा घडला ते सांगू द्या. भागीरथाबाई म्हणाली, आधी जेवा. त्यांना पंगतीत बसवलं, बायांच्या रांगेत. भाकर, वरण, आणि असा ठेचा की साहेबांचा चष्मा ओला झाला. जेवण झाल्यावर ती म्हणाली, "साहेब, ताटं मोजा. जितकी ताटं, तितक्या बाया. काय झालं ते त्याहिले ठाऊक अन् त्याहिच्या जिवाले ठाऊक."

साहेबांनी ताटं मोजली नाहीत. शेरा लिहून गेले की लाभार्थींची खातरजमा होऊ शकली नाही. अनुदान अडकलं.

आता पुढचं वर्ष. गोदामाच्या मालकांनी मुदत दिली होती आणि मुदत सरत आली होती. कमिटीची बैठक झाली. वकीलसाहेब म्हणाले, दोन मिनिटं सांगायला काय जातं? पंचवीस बायांचं छप्पर वाचेल. भागीरथाबाई म्हणाली, छप्पर वाचन, पण मंग ते घर राहणार नाई. कोणाला कळलं नाही ती काय म्हणते आहे. सगळ्यांनी हात वर केले आणि तिचा एकटीचा खाली राहिला.

मग त्यांनी काय केलं? ज्या दिवशी साहेब येणार होते, त्याच दिवशी तिला काही कळू न देता मिरचीचा सौदा करायला भिवापूरला पाठवलं. ती सकाळच्या गाडीनं गेली. मला हे सगळं कळलं ते वकीलसाहेबांकडूनच. संध्याकाळी ते क्लासवर आले, खुशीत होते. साहेबांपुढे उभं राहायला इतर बाया कचरत होत्या, तेव्हा मंदाला पुढे केलं. शिकलेली पोरगी, नीट बोलते. साहेबांनी तारीख विचारली, वेळ विचारली, कोण होतं, किती जण होते, तू ओरडलीस का, नसशील तर का नाही. साहेब लिहून घेत होते म्हणून तिला काही वाक्यं पुन्हा सांगावी लागली. दोन दुकानदारही ऐकायला थांबले होते. "काय सांगितलं हो पोरीनं," वकीलसाहेब म्हणाले, "साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं." आणि ते सगळं त्यांना माझ्याकडून तीन प्रतींत टाइप करून हवं होतं.

मी कागद त्यांच्या हातात परत दिला. त्यांनी दुसरीकडून करून घेतलं. नागपुरात टायपिस्टांचा काय दुष्काळ आहे?

मी धावत मागच्या गल्लीत गेले. भागीरथाबाई नुकतीच भिवापूरहून आली होती, मिरचीचं पोतं दारातच पडलेलं. मंदा न्हाणीत होती आणि बाहेर यायला तयार नव्हती. आतून फक्त पाणी ओतल्याचा आवाज. भागीरथाबाई चुलीशी बसली होती आणि लाकडामागून लाकूड सारत होती, आतलं पाणी थंड होऊ नये म्हणून. मी शेजारी बसले.

वकीलसाहेब मागाहून आले, अनुदान आता नक्की, हे सांगायला. ती उठली. आवाज चढवला नाही.

"जे तिच्यासंग एकदा झालं, ते तुमी आज पुन्हा केलं, वकीलसाहेब. अन् माणसं बसवून केलं."

वकीलसाहेबांचा चेहरा पडला. मला वाटतं त्यांना ते खरोखरच कळलं असावं, क्षणभर तरी. पण कळून माणूस करतो काय? दुसऱ्या दिवशी मंदा निघून गेली. कोराडीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत घरकाम करते, असं नंतर समजलं. एकदा बसमध्ये ती मला दिसली, केसांवर राख बसलेली, हातात डबा. टायपिंग? विसरली, म्हणाली. माय कशी आहे, तेवढं विचारलं. चल भेटायला, म्हटलं. तिनं खिडकीबाहेर पाहिलं. "त्या पाटीखालून नाही जाववत, बाई," म्हणाली आणि पुढच्या थांब्याला उतरली.

अनुदान मात्र आलं. गोदाम संस्थेच्या नावावर झालं, भिंतींना पिवळा रंग लागला. अनुदानात अधीक्षिकेचं पद मंजूर होतं आणि त्या पदाला पदवी लागत होती. भागीरथाबाई चौथी पास. तिनं उभं केलेल्या घरात तिच्यासाठी जागा निघाली ती स्वयंपाकिणीची. मला वाटलं ही आता यांच्या तोंडावर थुंकेल आणि भिवापूरला जाईल. तिनं ती नोकरी घेतली. मी तिच्यावर चिडले, खूप बोलले. ती म्हणाली, "मी गेली तर पाणी कोण तापवन वं?"

पण पाणी तापवायचीही सोय राहिली नाही. सगळ्यात आधी मिरची गेली. तिच्या जागी मंजूर झालेली शिलाई मशीनं आली. मशीनवर बसलेली बाई रडली तर खोलीभर सगळ्यांना दिसतं, टाका वाकडा जातो, शिलाई शिकवणाऱ्या बाई विचारतात काय झालं. मग न्हाणीची चूल पाडली, धूर होतो म्हणून. त्या जागी गिझर बसला. गिझर आला, त्याच्या विजेची मंजुरी आली नाही. तो पांढराशुभ्र गिझर भिंतीवर कित्येक वर्षं लटकत होता, एखाद्या जावयासारखा, नुसता पाहण्यापुरता. आणि नियम लागला की पोलिसांची चिठ्ठी असल्याशिवाय कोणाला आत घ्यायचं नाही.

असं चाललं असताना एक बाई चिठ्ठीशिवाय आली आणि भागीरथाबाईनं मागच्या दारानं तिला आत घेतलं, स्वयंपाकघरातल्या शेगडीवर पाणी तापवलं, जेवू घातलं. चार दिवस लपवून ठेवलं. कळलं तेव्हा कमिटीनं बैठक घेतली. हाकललं नाही हं, चांगली माणसं ती. त्यांनी तिचा निरोपाचा सत्कार केला. शाल दिली, श्रीफळ दिलं, वकीलसाहेबांनी तिच्या कार्यावर भाषण केलं आणि डोळे पुसले. मी पुढच्या रांगेत बसले होते. भागीरथाबाईनं नारळ हातात घेऊन हलवून पाहिला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "पाणी आहे त्यात." मग ती भिवापूरला भाच्याकडे राहायला गेली. शाल जाताना फाटकावरच्या चौकीदाराला देऊन गेली, हिवाळा होता.

त्यानंतर चार-पाच वर्षं गेली असतील. संस्थेचे कागद मी पुन्हा टाइप करत होते, आता पैसे घेऊन. एका दुपारी ते द्यायला गेले. अधीक्षिका नवी होती, नागपूर विद्यापीठाची समाजकार्याची पदवी घेतलेली, गोड आवाजाची मुलगी. तिच्या टेबलासमोरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. पाठमोरीच मी तिला ओळखलं, त्या फाटक्या पाळीवरून. फार खंगली होती. डावा हात पदराखाली झाकलेला, पण मनगट सुजून वांग्यासारखं झालेलं मला दिसलं.

अधीक्षिका तिला ओळखत नव्हती. भिंतीवर पहिल्या कमिटीचा फोटो होता, वकीलसाहेब मधोमध, पण भागीरथाबाई त्यात नव्हती. त्या दिवशी ती स्वयंपाक करत होती. मी काही बोलायच्या आत मुलीनं पेन उघडलं आणि अगदी मायेनं विचारलं, "आजी, काय झालं तुमच्यासोबत? घाबरू नका, सगळं सांगा."

त्या घरात भागीरथाबाईनं तो प्रश्न कधी कोणाला विचारला नव्हता. ती मुलीकडे पाहत राहिली. रागानं नाही. कुठून तरी लांबून पाहिल्यासारखं पाहत राहिली, आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा रडताना पाहत होते. किंवा आधीही पाहिलं असेल, मिरचीशी बसलेली असताना, कोण जाणे.

"काई नाई वं," ती म्हणाली. "मिरचीचा खकाणा आहे."

आणि उठली. मी मागे धावले. न्हाणीपाशी ती थांबली, गिझरकडे मान वर करून पाहिलं, चूल होती त्या जागेवर पाय ठेवला आणि पुढे गेली. फाटकाशी मी तिला गाठलं. म्हटलं, भागीरथाबाई, माझ्या घरी चला, पाणी तापवते, भाकर टाकते. ती थांबली, माझ्या गालावरून उजवा हात फिरवला.

"तुया घरी माणसं आहेत, मास्तरीनबाई. ते इचारतीन."

त्या निळ्या पाटीखालून ती बाहेर पडली आणि सुजलेला हात पदरात घेऊन रस्ता ओलांडून गेली. मी पाहत होते तोवर तिनं मागे वळून पाहिलं नाही. ती कुठं गेली, भिवापूरला की आणखी कुठं, मला पुढे कधीच कळलं नाही. भाच्याकडे पत्र टाकलं होतं, उत्तर आलं नाही.

मी कागद द्यायला परत आत गेले. मुलगी चक्रावून बसली होती. तिनं मला सांगितलं, आजींनी नुसतं तोंड उघडलं असतं तर मी त्यांना ठेवून घेतलं असतं हो, जागा रिकामी आहे. मग तिनं दोनदा हवा हुंगली, टेबलाखाली पाहिलं, शिलाईच्या खोलीकडे पाहिलं.

"पण मिरची कुठं आहे इथं?" ती म्हणाली. "मला तर काहीच जाणवत नाही."